केकवर गुलाब काढता येतो, पण त्या गुलाबाचे पैसे मिळतात का?



मागच्या व्हिडिओनंतर पालमच्या एका ताईंचा प्रश्न आला. "सर, केक डेकोरेशन आणि सॅलड सजावटीचा क्लास लावायचाय. फी बचत गटातून उचलणार आहे. लावू का?"

ताई, लावा. पण फी भरायच्या आधी हे वाचा. गटाचं कर्ज तुम्हाला फेडायचंय, क्लासवाल्यांना नाही.

माझं मत सरळ आहे. आपल्याकडचे बरेच क्लास पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक डोळ्यासमोर ठेवून शिकवतात. एसी हॉल, थंडगार क्रीम, तीन मजली केक, वर फुलांचा गुच्छ. फोटो झकास येतो. सर्टिफिकेट भिंतीवर लागतं. आणि मग मे महिना येतो. परभणी जिल्ह्यातलं ऊन मी तुम्हाला सांगायला नको. क्रीम फेटायचं ते फ्रिजमधून काढलेलं गार असतानाच. भांडंसुद्धा गार लागतं. त्यात लाईट गेली की संपलं. गुलाबाच्या पाकळ्या माना टाकतात आणि गाडीवरून केक गिऱ्हाइकाच्या दारात जाईपर्यंत कडा खाली उतरते.

आता हिशोब करू

वही काढा. आकडे मी उदाहरणासाठी घेतोय, तुम्ही तुमच्या दुकानातले भाव टाका.

अर्धा किलोचा साधा एगलेस केक. प्रीमिक्स 45, क्रीम 60, तेल आणि साखरपाणी 10, बोर्ड-डबा 20, मेणबत्ती-टॉपर 15. झाले 150 रुपये. विकला 300 ला. हातात 150. तुमचा वेळ दीड तास. म्हणजे तासाला 100 रुपये.

आता तोच केक फुलांचा. क्रीम जास्त, रंग जास्त, माल गेला 180 वर. वेळ साडेतीन तास. गिऱ्हाईक म्हणतं, "ताई, ओळखीचे आहोत, 350 घ्या." हातात राहिले 170. तासाला 50 रुपयेसुद्धा नाहीत! तासाला 100 च सुटायचे असतील तर हा केक 530 ला विकावा लागेल. पालममध्ये अर्ध्या किलोला 530 देणारी घरं महिन्याला किती सापडतील? प्रामाणिकपणे मोजा.

कोणी म्हणेल, "सर, डेकोरेशन नसेल तर केक घेणार कोण?" बरोबर आहे. पण रोजच्या धंद्याला तीनच गोष्टी लागतात: कडा गुळगुळीत, एका स्टार नोझलची स्वच्छ किनार आणि सुंदर अक्षर.

अक्षरावर जरा थांबतो. बहुतेक क्लासमध्ये 'हॅपी बर्थडे' इंग्रजीत गिरवून घेतात. पण आजोबांच्या पंचाहत्तरीला, सरपंच झालेल्या भावाला, नोकरी लागलेल्या पोराला केक मराठीतच लिहून हवा असतो. कोनमधून शिरोरेखा सरळ ओढणं, 'शुभेच्छा' मधला 'च्छ' न चुकता काढणं, लांब नाव गोलात बसवणं, ही कला आहे. खर्च जवळपास काहीच नाही. रोज ताटावर पंधरा मिनिटं गिरवा, पुसा, परत गिरवा. महिनाभरात तुमचं अक्षर लोक ओळखायला लागतील.

न वितळणारी सजावट

सजावट आपल्याला नवी आहे का हो? लग्नातलं रुखवत आठवा. तिथं आपल्या आज्या-मावश्या करंज्या, चिरोटे, रंगीत वड्या, साखरेच्या वस्तू मांडून सगळ्या वऱ्हाडाला थांबून बघायला लावायच्या. संक्रांतीला नव्या सुनेचे आणि बोरन्हाणाला बाळाचे हलव्याचे दागिने. हे सगळं साखरेचं. कोरडं ठेवलं तर टिकतं, आधी करून ठेवता येतं, एसटीनं नांदेडला पाठवलं तरी वितळत नाही. हलवा घरी करायला वेळ जातो, काटे यायला मंद आच आणि धीर लागतो. पण तयार हलवा आणून दागिने ओवता येतात. क्रीमचा गुलाब संध्याकाळपर्यंत, हलव्याचा हार फोटोनंतरही तसाच.

गाजराची फुलं, टोमॅटोचा गुलाब, कलिंगडावर वधू-वरांची नावं, हे नक्की शिका. फक्त याचं गिऱ्हाईक घरोघरी शोधू नका. ते आहे गंगाखेड, लोहा, पालम भागातले आचारी, केटरर आणि मंगल कार्यालयवाले. एका टेबलाचा दर ठरवा. कलिंगड, भाजी त्यांची, सुरी आणि हात तुमचे. माल तुमचा नाही, म्हणजे नासाडीची भीती कमी. लग्नतिथी नाही त्या दिवसांत केक आहेच.

फी भरण्याआधी विचारा

एक, मी स्वतःच्या हातानं किती केक करणार? नुसतं बघून हात बसत नाही. दोन, दर कसा काढायचा हे शिकवणार का? तीन, उन्हाळ्यात आणि लाईट नसताना काय करायचं, ते सांगणार का? तिन्हींना गोलगोल उत्तर आलं तर पैसे पदराला बांधून घरी या.

आणि पैसे भरण्याआधी जिल्ह्याच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आरसेटीत, चौकशी करा. 1982 साली कर्नाटकात उजिरे इथं सुरू झालेल्या रुडसेटीच्या धर्तीवर या संस्था बँकांमार्फत चालतात आणि प्रशिक्षण मोफत असतं. तुम्हाला हवा तो कोर्स कधी आहे, ते विचारून घ्या. विक्री सुरू करायच्या आधी एफएसएसएआयची नोंदणी करा. 14 अंकी नंबर डब्यावर छापला की अनोळखी गिऱ्हाईकही विश्वास ठेवतं.

तर ताई, क्लास लावा, पण गुलाबासाठी नाही, गल्ल्यासाठी लावा. आधी दहा साधे केक शेजारीपाजारी विका, प्रत्येकाचा हिशोब वहीत लिहा. त्या दहा केकच्या नफ्यातून फीचा निदान काही भाग निघाला पाहिजे. निघाला, तर पुढचा रस्ता मोकळा. नाही निघाला, तर कर्ज न काढताच मोठा धडा शिकलात असं समजा.

तुमच्या गावात अर्धा किलोचा केक कितीला जातो, ते खाली लिहा. पुढच्या व्हिडिओत तुमच्याच आकड्यांवर हिशोब करू.