तळाच्या दोन ओळी

विद्यार्थी मित्रांनो, आवर्तसारणीच्या तळाशी वेगळ्या छापलेल्या दोन ओळी तुम्ही पाहिल्या असतील. 'परीक्षेला येत नाहीत' म्हणून आम्ही शाळेत त्या सोडून दिल्या. पुढे महाविद्यालयात लेसर शिकवताना मीही काही वर्षे त्यांचा नुसता उल्लेख करून पुढे जात असे. ती चूक होती, असे आज माझे स्पष्ट मत आहे.

त्यांतल्या वरच्या ओळीतले निओडिमियम घ्या. १९६१ साली अमेरिकेत एलायस स्निट्झर यांनी काचेत ते मिसळून लेसर तयार केला. येथे काच म्हणजे केवळ घर. काम करतात ते तिच्यात विखुरलेले निओडिमियमचे आयन. प्रखर दिव्याचा प्रकाश शोषून ते उत्तेजित होतात आणि १.०६ मायक्रोमीटर तरंगलांबीचे अवरक्त किरण देतात. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत.

मग कोणताही धातू मिसळला तर चालेल का? नाही. या आयनांचे ४एफ कवचातील इलेक्ट्रॉन ५एस व ५पी इलेक्ट्रॉनांच्या आडोशाला असतात. शेजारच्या अणूंचा उपद्रव त्यांना फारसा पोचत नाही. म्हणून काचेतल्या अव्यवस्थित रचनेतही ते आपला स्वभाव टिकवून धरतात. शिवाय काच ओतून तिच्या मोठ्या लाद्या करता येतात, तशीच ओढून केसासारखे तंतूही काढता येतात.

काचेच्या तंतूत प्रकाश वाढवता येतो, हे स्निट्झर व त्यांच्या सहकाऱ्याने १९६४ सालीच दाखवले होते. 'याचा उपयोग काय?' असे तेव्हा कोणी विचारले असते, तर चटकन उत्तर देणे कठीण होते. १९८७ साली त्याच ओळीतल्या अर्बियमचे तंतुवर्धक पुढे आले. अर्बियमचे किरण १.५५ मायक्रोमीटरच्या आसपास असतात, आणि काचेच्या तंतूत प्रकाश सर्वांत कमी क्षीण होतो तोही तेथेच. आज समुद्रतळावरील केबलमधून जाणारा तुमचा संदेश साधारण दर ५० ते १०० किलोमीटरवर अर्बियमयुक्त काचेतून जातो आणि पुन्हा बळ घेऊन पुढे निघतो.

शिक्षक बंधुभगिनींनो, वर्षातला एकच तास या ओळींना द्या. गुणांच्या हिशेबात तो वाया गेल्यासारखा वाटेल. पण अभ्यासक्रमाच्या कडेलाही विज्ञान असते, हे मुलांना त्या तासातच कळेल. आणि मित्रांनो, तुम्ही तासाची वाट पाहू नका. आज घरी पुस्तक उघडून ६० आणि ६८ हे अणुक्रमांक शोधा. त्यांच्या शेजारी कोण राहतात, तेही पाहा.