दंड भरला, पण प्रकरण मिटले नाही

गेल्या महिन्यात एक गृहस्थ आमच्याकडे आले. महापालिकेतून निवृत्त झालेले. थोरल्या मुलाचे लग्न ठरले आहे. धाकटी मुलगी अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यात एम. एस. करते. राहते घर बँकेकडे गहाण ठेवून तिला पाठवली. जयभीम करून बसले, पाणी प्याले आणि बराच वेळ लग्नाच्या हॉलचे भाडे किती वाढले यावरच बोलत राहिले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "साहेब, पोरीवर तिकडे चोरीची केस झालीय. तिच्या आईला अजून सांगितलं नाही."

हकीगत अशी. तिकडच्या मोठ्या दुकानांत गिऱ्हाईक स्वतःच एकेक वस्तू यंत्रासमोर धरते, किंमत उमटते, कार्डाने पैसे भरायचे आणि निघायचे. हिने काही वस्तू यंत्राला दाखवल्या, काही तशाच पिशवीत टाकल्या. अडतीस डॉलरांचा माल. दारात रखवालदाराने अडवले, पोलीस आले, हातात कोर्टाचा कागद पडला. दोन महिने तिने घरी चकार शब्द काढला नाही. पुढे दुकानाच्या वकिलाचे नुकसानभरपाईचे पत्र आले, तेवढे पैसे तिने भरले आणि प्रकरण मिटले असे समजून बसली. पण ती भरपाई दुकानाची. फौजदारी खटला सरकारचा, तो चालूच होता.

आता कोर्टातून सवलतीची वाट पुढे आली होती. गुन्हा कबूल करायचा, वर्षभर नीट वागायचे, मग केस निकालात निघते. गृहस्थांना ती पसंत होती. "सही करून मोकळी होईल आणि लग्नाला येऊन जाईल. बरोबर ना?" आम्हालाही ते बरोबरच वाटले, हे कबूल करतो. तरी परक्या मुलखाचा कायदा, म्हणून तिकडे अशा केसेस पाहणाऱ्या परिचयाच्या एका वकिलांना विचारले. त्यांचे पहिले वाक्य होते, "तिला म्हणावं, अजून सही करू नकोस."

कारण असे. अमेरिकेत फौजदारी कोर्ट वेगळे आणि परदेशी माणसाने देशात राहावे की नाही हे ठरवणारे खाते वेगळे. राज्याचे कोर्ट म्हणते, वर्ष नीट काढलेस, केस रद्द. पण १९९६ सालच्या केंद्रीय कायद्याने ह्या खात्यासाठी 'दोषसिद्धी'ची व्याख्या निराळी केली आहे. आरोपीने गुन्हा कबूल केला आणि कोर्टाने त्याच्यावर कसलीही शिक्षा वा बंधन घातले, की दोषसिद्धी झाली. पुढे राज्याने पाटी पुसली तरी ह्या खात्याच्या वहीत ती राहते. न्यू जर्सीच्या 'कंडिशनल डिसमिसल' नावाच्या सवलतीत आधी दोष मान्य करावा लागतो किंवा सिद्ध व्हावा लागतो. नागरिकाला ती वरदान आहे. परदेशी विद्यार्थ्याने मात्र दहादा विचार करावा.

दुसरी गोष्ट चोरीच्या जातीची. मारामारीतून सुटता येते, पण चोरी तिकडे बहुधा 'नैतिक अधःपतनाचा गुन्हा' धरतात, मग माल अडतीस डॉलरांचा का असेना. अमेरिकेत प्रवेश मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत असा एक गुन्हा केला आणि त्याला एक वर्ष किंवा अधिक कैद होऊ शकत असेल, तर दोषी ठरलेल्याला हद्दपार करता येते. प्रत्यक्षात किती शिक्षा झाली ते बघत नाहीत, जास्तीत जास्त किती होऊ शकली असती ते बघतात. म्हणजे नुसता दंड भरून घरी आलेला मुलगाही ह्यात सापडतो. म्हणून काही राज्यांनी किरकोळ गुन्ह्यांची कमाल कैद ३६५ वरून ३६४ दिवसांवर आणली. वॉशिंग्टन राज्याने २०११ साली, कॅलिफोर्नियाने २०१५ पासून, न्यूयॉर्कने २०१९ साली. एका दिवसाने माणसाचे अख्खे आयुष्य इकडचे तिकडे होते, हे त्या विधिमंडळांना कळले. सगळ्या राज्यांना अजून कळलेले नाही.

ह्या मुलीचे नशीब थोडे बरे. न्यू जर्सीत २०० डॉलरांखालच्या दुकानचोरीला कमाल शिक्षा सहा महिने. त्यामुळे ह्या एका गुन्ह्यासाठी वरच्या नियमाने हद्दपारी लागत नाही, आणि पुन्हा प्रवेश मिळण्यासाठी किरकोळ गुन्ह्याची जी एक सूट आहे तीही तिला मिळू शकते. पण ती सूट एकाच गुन्ह्यापुरती. दुसरा घडला की संपली.

आणि व्हिसाचे काय? तो रद्द करायला दोषसिद्धीही लागत नाही, नुसत्या अटकेवरून रद्द करता येतो. २०२५ च्या वसंतात तर अमेरिकन सरकारने विद्यार्थ्यांची नावे पोलिसी नोंदींशी ताडून हजारोंच्या 'सेव्हिस' नोंदी, म्हणजे विद्यार्थी म्हणून राहण्याच्या सरकारी नोंदी, बंद केल्या. त्यांत ज्यांचे खटले पूर्वीच रद्द झाले होते तेही सापडले. विद्यार्थी कोर्टात गेले, तेव्हा २५ एप्रिल २०२५ रोजी नोंदी पुन्हा चालू करत असल्याचे सरकारने सांगितले. त्याच वर्षी जुलैत भारतातल्या अमेरिकन वकिलातीने जाहीर बजावले, की चोरी वा मारहाण केल्यास व्हिसा रद्द होऊ शकतो आणि पुढचाही मिळणे बंद होऊ शकते.

चोरीची आम्ही तरफदारी करत नाही. वडिलांनीही केली नाही. पण आमच्या चाळीतल्या वाण्याने एखाद्या पोराला गूळ उचलताना पकडले, तर तो बापाला हाक मारायचा, दोन थपडा बसायच्या, महिनाअखेर खात्यावर चार आणे लागायचे आणि गोष्ट गल्लीतच मिटायची. तिथे दुकानदाराला बाप ठाऊक नाही. तिथे कॅमेरा आहे आणि कागद आहे.

वकिलांनी आणखी एक निकाल सांगितला. जोस पदिया नावाचा होंडुरासमध्ये जन्मलेला, चाळीस वर्षे अमेरिकेत राहिलेला, व्हिएतनामच्या लढाईत अमेरिकेकडून लढलेला ट्रकचालक. मादक पदार्थांच्या केसमध्ये त्याच्या वकिलाने सांगितले, इतकी वर्षे राहिलास, काळजी करू नको. त्याने गुन्हा कबूल केला आणि हद्दपारी समोर उभी राहिली. २०१० साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की कबुलीने हद्दपारीचा धोका असेल तर तो परदेशी अशिलाला सांगणे वकिलाचे कर्तव्य आहे. म्हणून मुलीने आपल्या वकिलाला हा प्रश्न तोंडाने विचारायचा. ज्या खटल्यात कैद होऊ शकते, तिथे गरिबाला सरकारी वकील मिळतो. हद्दपारीच्या कोर्टात मात्र सरकार वकील देत नाही. विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कचेरीतली माणसे चांगली असतात, पण ती वकील नव्हेत आणि त्यांना सरकारला काही गोष्टी कळवाव्याच लागतात. आधी वकील, मग ती कचेरी.

राहता राहिला लग्नाचा प्रश्न. गृहस्थ दाराशी जाऊन पुन्हा वळले. "मग येऊ दे की नको?" खटला चालू असताना देशाबाहेर पडली आणि मध्येच व्हिसा रद्द झाला, तर मुंबईत नव्याने अर्ज करावा लागेल. त्या अर्जात 'कधी अटक झाली होती का' असा प्रश्न असतो. खोटे लिहिले तर ती फसवणूक, आणि तिची शिक्षा चोरीपेक्षा जड, कायमची प्रवेशबंदी. म्हणून आम्ही म्हणालो, खटला संपेपर्यंत नको. हे सांगताना आम्हालाच जड गेले.

परवा त्यांचा फोन आला. मुलीने पुढची तारीख मागून घेतली, ती मिळाली. दोन्ही कायदे जाणणारी वकीलीण सापडली आहे. कबुलीशिवाय तडजोड होते का, ते ती सरकारी वकिलाशी बोलून पाहणार आहे. आईला सांगितले. ती दोन दिवस जेवली नाही, तिसऱ्या दिवशी मुलीला फोन करून विचारले, "तू जेवतेस ना?"

पत्रिका छापून आल्या आहेत. करवलीचे नाव तसेच ठेवले आहे.