चाके धुता धुता खराब होतात

खानदेशात चारचाकी बाळगणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. गाडी चकाचक धुऊन आणली तरी आठवडाभरात पुढच्या दोन्ही चाकांवर काळपट तपकिरी पूड बसते, आणि काही महिन्यांत अलॉय व्हीलची चमक जाऊन पांढुरके डाग आणि टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे दिसू लागतात. मग सगळा दोष ब्रेकच्या पुडीला दिला जातो. ती पूड निर्दोष आहे असे नाही. पण जळगाव-धुळ्यात चाके पुडीमुळे जेवढी बिघडतात, त्याहून जास्त ती आपल्या धुण्याच्या रीतीमुळे बिघडतात, असे माझे म्हणणे आहे. कोटिंगवर हजारो रुपये घालण्याआधी ती रीत बदलायला हवी.

ब्रेक दाबला की पॅड बिडाच्या फिरत्या डिस्कवर आवळले जातात आणि दोन्ही थोडे थोडे झिजतात. डिस्कमधले लोखंड, पॅडमधले धातूचे तंतू, ग्रॅफाइट आणि हे सगळे बांधून ठेवणारे रेझिन यांची ती पूड असते. ब्रेक लावताना गाडीचा भार पुढे येतो, बहुतेक काम पुढचे ब्रेक करतात, म्हणून पुढची चाके जास्त काळी. मागे ड्रम ब्रेक असतील तर पूड ड्रमच्या आतच साठते. बाहेर उडणारा कण तापलेला आणि धारदार असतो. तो चाकाच्या लॅकरवर बसतो, दमट हवेत गंजतो आणि गंजताना लॅकरला घट्ट धरतो. म्हणूनच उन्हाळ्यात फडक्याने निघणारी पूड पावसाळ्यानंतर निघता निघत नाही. आपल्या भागात पूड जास्त होण्याचे एक कारण रस्त्यांतच आहे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. मालेगावकडून येताना लळिंग, सेंधव्याकडून येताना पळासनेरच्या अलीकडचा बिजासन घाट, नवापूरकडे जाताना कोंडाईबारी, संभाजीनगरहून चाळीसगावला उतरताना कन्नडचा घाट. यातला कुठलाही उतार ब्रेकवर पाय ठेवून उतरला की डिस्कचे तापमान सहज दोनशे अंशांच्या पुढे जाते. तोच उतार खालच्या गिअरमध्ये उतरला तर ब्रेक गार राहतात, पॅड जास्त टिकतात आणि चाकही कमी काळे होते. चाकांची निगा खरे तर घाटात सुरू होते, पण त्यासाठी कुणी बाटली विकत नसल्यामुळे हा उपाय कुणी सांगत नाही.

आता धुण्याकडे येऊ. मे महिन्यात जळगावचा पारा ४४-४५ अंशांवर असतो. घाट उतरून किंवा महामार्गावरून आलेली गाडी थेट रॅम्पवर चढते आणि तापलेल्या चाकावर आधी प्लॅस्टिकच्या कॅनमधले ‘अ‍ॅसिड’ फवारले जाते. कॅनवर लेबल नसते. फेस येतो, काळे पाणी ओघळते, चाक मिनिटभरात पांढरे होते आणि गिऱ्हाईक खूश होते. या मिनिटात काय घडते ते पाहण्यासारखे आहे. अ‍ॅल्युमिनियमवर त्याच्याच ऑक्साइडचा अगदी पातळ थर असतो आणि तोच त्याला वाचवतो. साधारण चार ते साडेआठ सामूच्या, म्हणजे पीएचच्या, टप्प्यात हा थर टिकतो. तीव्र आम्लात विरघळतो, तसाच तीव्र अल्कलीतही विरघळतो. त्यामुळे ‘आम्ही अ‍ॅसिड वापरत नाही, कपड्यांची पावडर आणि सोडा वापरतो’ हा बचावही लंगडा आहे. लॅकर शाबूत असेल तोवर धातू झाकलेला असतो. पण फुटपाथला घासलेल्या कडेवर, खडी उडून पडलेल्या टवक्यावर, नटबोल्टच्या भोकांभोवती रसायन आत शिरते. डायमंड कट चाकांवर लॅकरखाली पांढऱ्या, अळीसारख्या वळवळत्या रेषा पसरतात, त्या अशाच चिरांतून सुरू झालेल्या असतात. एकदा त्या आल्या की धुऊन जात नाहीत. चाक सोलून पुन्हा लॅकर करावे लागते.

त्यात पाणी आपले जड. बोअरच्या पाण्याने गिझरच्या कॉइलवर आणि नळाच्या तोटीवर काय थर चढतो, हे खानदेशातल्या घराघरांत माहीत आहे. तेच पाणी तापलेल्या चाकावर मारून वाऱ्यावर सोडले की पाणी उडून जाते आणि चुना मागे राहतो. ज्याला आपण ‘ब्रेकने पडलेले डाग’ म्हणतो, त्यांतले बरेचसे हे चुन्याचे डाग असतात. ते काढायला पुन्हा आम्ल लागते आणि चक्र सुरू राहते. शिवाय तापलेल्या बिडाच्या डिस्कवर एकदम गार पाण्याचा झोत मारणे डिस्कलाही मानवत नाही.

नीट धुण्यासाठी फारसे काही लागत नाही. गाडी सावलीत उभी करून चाक हाताला गार लागेपर्यंत थांबायचे. आधी साध्या पाण्याने माती आणि सुटी पूड वाहू द्यायची, कारण ती कोरडी पुसली तर तेच धारदार कण लॅकरवर ओरखडे काढतात. मग गाडीचा सौम्य शाम्पू, मऊ ब्रश, आणि चाकांसाठी वेगळे फडके. हे फडके बॉनेटवर फिरवायचे नाही. शेवटी स्वच्छ पाणी आणि लगेच कोरडे पुसणे. जड पाण्यात हे शेवटचे पुसणेच सगळ्यात महत्त्वाचे. गंजून रुतलेले कण शाम्पूने निघत नाहीत. त्यांच्यासाठी लोखंड विरघळवणारे थायोग्लायकोलेटचे द्रावण मिळते. लोखंडाशी गाठ पडली की ते जांभळे होते आणि कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो. ते गार चाकावर, वाळण्याआधी धुऊन टाकायचे. वर्षातून एक-दोनदा पुरते. दर आठवड्याला जांभळा रंग पाहण्याची हौस खिशाला आणि चाकाला दोन्हींना जड.

यावर पहिला आक्षेप येईल तो पाण्याचा. वाघूर धरणावर जळगावची आणि तापी-नकाणेवर धुळ्याची तहान भागते, नळाला रोज पाणी येत नाही, आणि इथे चाके धुण्याच्या गोष्टी! आक्षेप रास्त आहे, पण तो माझ्याच बाजूचा आहे. चारही चाकांना दोन बादल्या पुरतात. पाणी उधळतो तो प्रेशरचा पाइप. दुसरा आक्षेप वॉशिंग सेंटरवाल्याचा: गाड्यांची रांग लागलेली असताना चाक गार होण्याची वाट कोण पाहणार? उपाय सोपा आहे. आतली सफाई आधी करा, व्हॅक्यूम, काचा, डॅशबोर्ड, आणि चाके शेवटी घ्या. तोवर ती आपोआप गार होतात. तिसरा आक्षेप काळीपिवळीवाल्याचा की आमच्या लोखंडी रिंगला कसले लाड. लाड नकोत, पण रिंगचा रंग उडाला की बोल्टच्या भोकांशी आणि टायर बसतो त्या कडेशी गंज धरतो आणि कडेतून हवा झिरपू लागते. तिथे टवक्यांवर वेळीच रंगाचा हात फिरवला की भागते. सिरॅमिक कोटिंगबद्दल विचाराल तर ते खोटे नाही. त्यामुळे पूड कमी चिकटते आणि धुणे सोपे होते, पण पूड पडायची थांबत नाही. साधे कार्नोबा मेण ८२ अंशांच्या आसपास वितळते, त्यामुळे ब्रेकशेजारी ते फार टिकत नाही. पॉलिमरचे सीलंट त्या मानाने बरे. रोज घाट चढणाऱ्या-उतरणाऱ्या गाडीला एवढे पुरे.

हाताने चाक धुण्याचा एक फायदा कोटिंगवाले सांगत नाहीत. एकच पुढचे चाक दुसऱ्यापेक्षा फार काळे दिसत असेल तर त्या बाजूचा कॅलिपर अडकत असण्याची शक्यता असते. पूड ओलसर, तेलकट लागली तर ब्रेक ऑइल किंवा ग्रीस गळत असू शकते. अ‍ॅसिडचा फवारा ही खूण कुणी पाहण्याआधीच पुसून टाकतो.

‘एवढ्याशा पुडीचा केवढा बाऊ’ असे म्हणणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. केंद्राच्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात महाराष्ट्रातल्या ज्या शहरांची हवा निकषांबाहेर ठरली, त्यांत जळगाव आहे. धूळ ही इथली जुनी तक्रार, आणि ब्रेकची बारीक पूड त्याच धुळीत मिसळते. युरोपच्या युरो ७ नियमांत ब्रेकमधून उडणाऱ्या कणांवर पहिल्यांदाच मर्यादा आली आहे: बहुतेक मोटारींना किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅम, निव्वळ विजेवरच्या मोटारींना ३. आपल्या बीएस ६ मध्ये असा निकष नाही. दुसरी गोष्ट पाण्याची. पॅडमधले तांबे पावसाच्या पाण्याबरोबर वाहत जाऊन माशांना बाधते, म्हणून कॅलिफोर्नियाने २०१० मध्ये कायदा करून ते टप्प्याटप्प्याने कमी करायला लावले. धुळ्यात रॅम्पवरचे पाणी शेवटी पांझरेकडेच उतरते, आणि त्यात पुडीच्या जोडीला अ‍ॅसिडही असते. पूड हवेत उडू नये म्हणून गॅरेजमध्ये कंप्रेसरच्या हवेने ब्रेकचे ड्रम झटकणेही बंद व्हायला हवे, ओल्या फडक्याने पुसणे सुरू व्हायला हवे. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस सर्रास असे, हेही झटकणाऱ्याला कुणी सांगितलेले नसते.

सगळ्यात जास्त धोका त्या कॅनशी रोज काम करणाऱ्या पोरांना आहे. चाके पांढरी करणाऱ्या काही तीव्र द्रावणांत हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा त्याचे क्षार असतात. सौम्य असले तर कातडीला लागल्यावर सुरुवातीला दुखतही नाही, आणि तोवर ते आत शिरून शरीरातले कॅल्शियम बांधू लागलेले असते. लेबल नसलेल्या कॅनमध्ये हे आहे की साधे हायड्रोक्लोरिक, हे फवारणाऱ्याला ठाऊक नसते आणि भाजले तर डॉक्टरला काय सांगायचे तेही नाही. महापालिकांना इथे मोठी योजना आखायची गरज नाही. वॉशिंग सेंटरला परवानगी देताना लेबल असलेलाच माल, रबरी हातमोजे आणि सांडपाण्यासाठी गाळ बसण्याची टाकी, या तीन अटी घालता येतील. आणि दरफलकावर ‘फुल वॉश’च्या खाली चाके कशाने धुतली जातात ती एक ओळ लिहायला लावावी. ती वाचून गिऱ्हाईक चाकांपुरते नको म्हणाले, तर दर तेवढा कमी करावा.