कशात भिजवून पाहिलं?



गासच्या बैठकीत या वेळी बोलायचं होतं बाळंतपणातल्या हक्कांवर, पण बोलणं गेलं सलाइनच्या नळीवर. गटातल्या एका मैत्रिणीला स्तनाच्या कॅन्सरसाठी पॅक्लिटॅक्सेल हे औषध चालू होतं. तिच्या मुलीने दुकानातून सेट आणला, तर सिस्टरने परत पाठवला: "हा चालणार नाही, पीव्हीसी नसलेला आण." का, ते कुणीच सांगितलं नाही. मुलगी उन्हात तीन दुकानं फिरली.

कारण साधं आहे. हे औषध पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते प्रक्रिया केलेल्या एरंडेलात आणि अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं असतं. पीव्हीसी मुळात कडक. ते मऊ व्हावं म्हणून त्यात डीईएचपी नावाचं रसायन घालतात; रक्ताच्या पिशवीत तर वजनाच्या तीस-चाळीस टक्के. ते प्लास्टिकला घट्ट जोडलेलं नसतं, नुसतं सामावलेलं असतं. एरंडेलाचं मिश्रण त्याला ओढून बाहेर काढतं आणि ते औषधाबरोबर शिरेत जातं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत या रसायनाने नर पिलांच्या जननेंद्रियांच्या वाढीला अपाय केलेला दिसला. म्हणूनच अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००२ मध्ये अतिदक्षता विभागातली नवजात मुलं आणि मुलगा पोटात असलेल्या गरोदर बायका यांच्यासाठी शक्य तिथे पर्याय वापरा, असा सल्ला दिला.

आता कंपनी म्हणते, "आमची नळी तपासलेली आहे, काही आढळलं नाही." हे वाक्य खरं असू शकतं आणि तरीही बिनकामाचं. प्लास्टिकच्या डब्यात नुसतं पाणी ठेवा, डबा तसाच राहतो. त्यातच हळदीची तेलकट भाजी ठेवा, पिवळा डाग कितीही घासा, जात नाही. आपल्या आज्या लोणचं चिनी मातीच्या बरणीत का घालत, हे आपल्याला कुणी शिकवावं लागलं नाही. डीईएचपी पाण्यात जवळजवळ उतरतच नाही. पाण्यात भिजवून तपासलं तर निकाल स्वच्छच येणार.

म्हणून पहिला प्रश्न: कशात भिजवून पाहिलं? आयएसओ १०९९३ या आंतरराष्ट्रीय मानकाचा बारावा भाग हेच सांगतो. पाण्यासारखा एक द्रावक घ्या आणि तेलासारखाही एक घ्या. दुसरा प्रश्न किती वेळ आणि किती गरम. त्याच मानकात ३७ अंशांवर ७२ तास, ५० अंशांवर ७२ तास, ७० अंशांवर २४ तास अशा जोड्या दिल्या आहेत. तासभर थंड पाण्यात बुडवून काढणं म्हणजे तपासणी नव्हे.

बैठकीत एकीने म्हटलं, मग सगळ्यात जहाल द्रावकच लावा की! इथे मात्र माझं तिच्याशी पटलं नाही. टेट्राहायड्रोफ्युरान पीव्हीसीलाच विरघळवून टाकतो. हेक्झेनने प्लास्टिक फुगू शकतं. त्या आकड्यावर कंपनीचा वकील हसून म्हणेल, हेक्झेन कोण शिरेत घालतं? जहाल तपासणी आपल्याला सांगते की नळीत काय काय दडलंय. रोग्याच्या अंगात किती जातं, ते कळायला शरीराच्या जवळ जाणारा द्रावक हवा. रक्तात चरबी असते, म्हणून रक्ताच्या पिशवीसाठी अल्कोहोल-पाण्याचं मिश्रण घेतात. दोन्ही निकाल मागा. एकावर भागवू नका.

आणि एक गोष्ट नाइलाजाने सांगते, कारण घोषणेत ती बसत नाही. याच डीईएचपीमुळे साठवलेल्या तांबड्या पेशी टिकतात आणि रक्त ४२ दिवसांपर्यंत ठेवता येतं. बाळंतपणात रक्त वाहून गेलेल्या बाईला ती पिशवी हवीच. "प्लास्टिक हटाव" म्हणून आपलं भागणार नाही.

१९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीचं ग्लिसरॉल दिल्याने १४ रोगी दगावले. लेंटिन आयोग नेमावा लागला. तिथे बाटलीतल्या द्रवाचा प्रश्न होता. बाटलीच्या आणि नळीच्या प्लास्टिकबद्दल आपण कधी विचारलंच नाही. २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम आज लागू आहेत, १ एप्रिल २०२० पासून सगळी उपकरणं औषध कायद्याखाली आली आहेत. कमी धोक्याच्या उपकरणांना उत्पादन परवाना राज्याचं प्रशासन देतं, जास्त धोक्याच्यांना केंद्राचं. माहिती अधिकारात अर्ज करून विचारता येतं: द्रावक कोणते, तापमान किती, वेळ किती. "व्यापारी गुपित" असं उत्तर आलं तर जनहिताचं कलम दाखवून अपील करायचं. वसई पूर्वेच्या गाळ्यांत प्लास्टिकच्या यंत्रांवर दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायकांचं तर कुणी मोजतच नाही. त्यांच्यावर वेगळा अंक काढू.

पुढच्या बैठकीला येताना घरातल्या आजाऱ्यासाठी आणलेल्या सलाइन सेटची रिकामी पाकिटं घेऊन या. बॅच नंबर आणि परवाना नंबर शाबूत ठेवा. अर्जात तेच लागतील.