मराठी दूरचित्रवाणी वाहिन्यांच्या मालकीतील विलीनीकरणे

मराठी दूरचित्रवाणी क्षेत्रातील विलीनीकरणे व अधिग्रहणे ही माध्यम कंपन्यांच्या विस्ताराची मराठी प्रेक्षकांशी थेट संबंधित अशी प्रक्रिया आहे. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी आणि सोनी मराठी या प्रमुख खासगी मनोरंजन वाहिन्या वेगवेगळ्या काळात सुरू झाल्या. मात्र त्यांपैकी काहींची मालकी पुढे भागखरेदी, अधिग्रहण वा विलीनीकरणातून बदलली. १४ नोव्हेंबर २०२४ रोजी पूर्ण झालेल्या रिलायन्स–डिझ्नी विलीनीकरणानंतर मालकीच्या केंद्रीकरणाचा प्रश्न विशेष चर्चेत आला.

पार्श्वभूमी

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यानंतर सुमारे दोन दशके दूरचित्रवाणी सरकारी मालकीचीच होती. १९९१ मध्ये हाँगकाँगहून स्टार टीव्हीचे उपग्रह प्रक्षेपण सुरू झाले आणि १९९२ मध्ये झी टीव्ही ही वाहिनी आली. १९९९ मध्ये झी समूहाने अल्फा टीव्ही मराठी सुरू केली. तीच पुढे झी मराठी झाली. हैदराबादच्या रामोजी समूहाने २००० मध्ये ई टीव्ही मराठी, तर स्टारने २००८ मध्ये स्टार प्रवाह सुरू केली. सोनी मराठी २०१८ मध्ये आली.

अधिग्रहणांतून विस्तार

नवी वाहिनी उभारण्यापेक्षा चालू वाहिनी विकत घेणे कंपन्यांना अनेकदा सोयीचे ठरते. त्यातून प्रेक्षकवर्ग, कार्यक्रमांचा संग्रह, जाहिरातदार आणि वितरणाचे करार एकत्रच मिळतात. झी समूहाने १९९५ मध्ये ब्रिटनमधील टीव्ही एशिया ही वाहिनी घेऊन युरोपातील भारतीय प्रेक्षकांपर्यंत मजल मारली. २००६ मध्ये या समूहाने टेन स्पोर्ट्सच्या कंपनीत ५० टक्के हिस्सा घेतला. हा क्रीडा व्यवसाय २०१६ मध्ये सोनीला ३८.५ कोटी डॉलरना विकण्याचा करार झाला. विस्तार म्हणजे केवळ खरेदी नव्हे, तर न परवडणारा विभाग वेळीच सोडणे हाही त्याचाच भाग असतो, हे या व्यवहारातून दिसते.

ई टीव्ही मराठीची मालकी टीव्ही१८ समूहाच्या व्यवहारांतून बदलली आणि २०१५ मध्ये तिचे नाव कलर्स मराठी झाले. स्टारचा प्रवास अधिक आंतरराष्ट्रीय आहे. रूपर्ट मरडॉक यांच्या न्यूज कॉर्पोरेशनने १९९३ मध्ये स्टारचा बहुसंख्य हिस्सा घेतला. मार्च २०१९ मध्ये डिझ्नीने ट्वेंटी फर्स्ट सेंच्युरी फॉक्स ही कंपनी सुमारे ७१ अब्ज डॉलरना विकत घेतली, तेव्हा स्टार प्रवाहही डिझ्नीकडे गेली. अमेरिकेतील या व्यवहारात मराठी वाहिनी हा अगदी लहान घटक होता. तरीही तिची मालकी त्यातच बदलली.

झी–सोनी करार

झी एंटरटेनमेंट आणि सोनीच्या भारतीय कंपनीच्या विलीनीकरणाची घोषणा सप्टेंबर २०२१ मध्ये झाली. भारतीय स्पर्धा आयोगाने २०२२ मध्ये, तर राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाने ऑगस्ट २०२३ मध्ये मंजुरी दिली. तरीही २२ जानेवारी २०२४ रोजी सोनीने करार संपुष्टात आणला. त्यानंतरचे परस्परविरोधी दावे ऑगस्ट २०२४ मध्ये सामोपचाराने मिटले. नियामकांची मंजुरी मिळाली तरी विलीनीकरण तडीस जाईलच असे नाही, याचे हे ठळक उदाहरण आहे.

जिओस्टार

फेब्रुवारी २०२४ मध्ये रिलायन्स, व्हायकॉम१८ आणि डिझ्नी यांनी भारतातील माध्यम व्यवसाय एकत्र आणण्याचे ठरवले. या व्यवहाराचे मूल्य ७०,३५२ कोटी रुपये असून त्यात रिलायन्सने ११,५०० कोटी रुपये गुंतवले. नव्या कंपनीत डिझ्नीचा हिस्सा ३६.८४ टक्के राहिला. नियंत्रण रिलायन्सकडे आले.

या व्यवहारामागे क्रिकेट हे महत्त्वाचे कारण होते. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या हंगामांचे भारतातील टीव्ही हक्क स्टारने २३,५७५ कोटी रुपयांना घेतले होते, तर डिजिटल हक्क व्हायकॉम१८कडे होते. दोन्ही हक्क एकाच कंपनीकडे आल्याने जाहिरातदारांना पर्याय उरणार नाही, अशी शंका होती. त्यामुळे क्रिकेटच्या टीव्ही व डिजिटल जाहिराती एकत्र बांधून न विकण्याची हमी कंपन्यांनी स्पर्धा आयोगाला दिली. स्टार प्रवाह व कलर्स मराठी या प्रतिस्पर्धी वाहिन्याही एका छताखाली येणार होत्या. आयोगासमोर मान्य केलेल्या बदलांनुसार विकावयाच्या वाहिन्यांत कलर्स मराठीचा समावेश होता.

प्रेक्षकांवरील परिणाम

२०१९ पासून लागू असलेल्या दरपद्धतीनुसार सशुल्क वाहिनीची कमाल किंमत प्रसारक कंपनी जाहीर करते आणि वाहिन्या सुट्या किंवा गटाने विकते. अहिल्यानगर जिल्ह्यातील भंडारदरा परिसरासारख्या डोंगराळ भागात वस्त्या विखुरलेल्या असल्याने घरावरील डिश हे सोयीचे साधन ठरते. अशा कुटुंबाच्या आवडीच्या मालिका, चित्रपट आणि क्रिकेट एकाच कंपनीच्या गटात असतील, तर तो गट नाकारणे कठीण जाते. मासिक शुल्क नसलेली डीडी फ्री डिश हा पर्याय उपलब्ध आहे; पण त्यावर सर्व सशुल्क मराठी वाहिन्या मिळत नाहीत.

दुसरा परिणाम निर्मात्यांवर होतो. मराठी मालिका विकत घेणाऱ्या स्वतंत्र कंपन्या जितक्या कमी, तितकी लेखक, कलावंत व निर्मितीसंस्थांची वाटाघाटीची ताकद घटते. याउलट मोठ्या कंपनीकडे तोटा सोसून नवे कार्यक्रम करण्याइतके भांडवल असते, असा विलीनीकरणाच्या बाजूने युक्तिवाद केला जातो. भांडवलाचा हा लाभ मराठी कार्यक्रमांपर्यंत पोहोचतो की प्रामुख्याने क्रिकेटच्या हक्कांवर खर्च होतो, यावर त्या युक्तिवादाची सत्यता अवलंबून आहे.