मनोबलाची लस

तरुणांनी हिंसक पंथांच्या नादी लागू नये म्हणून त्यांस शाळा-कॉलेजांतूनच मनोबलाचे शिक्षण द्यावे, हा विचार गेल्या वीस वर्षांत युरोपात फार बलवत्तर झाला आहे व त्याचे पडसाद आपल्याकडेही उमटू लागले आहेत. इंग्रजीत ज्या गुणास 'रेझिलियन्स' म्हणतात, त्यास आपल्यात कोणी लवचिकपणा म्हणतो, कोणी चिवटपणा. वाकले तरी न मोडणारे मन, हा त्याचा मथितार्थ. असे मन आपल्या मुलांस लाभावे याविषयी दुमत होण्याचे कारणच नाही. आमचा वाद हेतूशी नसून साधनाशी आहे. ज्या वर्गात चुकीचा विचार मोठ्याने बोलून दाखविण्याची सोय नाही, त्या वर्गात मनोबल शिकविता येत नाही. तेथे शिकविता येते ते केवळ मौन.

या बाबतीत इंग्लंडचा अनुभव सर्वांत बोधप्रद आहे. 7 जुलै 2005 रोजी लंडनच्या आगगाड्यांत व बसमध्ये झालेल्या स्फोटांत 52 निरपराध माणसे बळी पडली, आणि ते घडवून आणणारे चौघेही त्याच देशात लहानाचे मोठे झालेले तरुण निघाले. त्यानंतर 'प्रिव्हेंट' या सरकारी योजनेस जोर चढला. 2015 च्या कायद्याने तर शाळा, विद्यापीठे व इस्पितळे यांच्यावर तरुणांस दहशतवादाकडे ओढले जाण्यापासून रोखण्याचे कर्तव्यच लादले. शिक्षकाने मुलांचे मनोबल वाढवावे, आणि ज्याच्याविषयी शंका येईल त्याचे नाव वर कळवावे, अशी ही दुहेरी कामगिरी आहे. वर्गात मोकळी चर्चा होऊ द्यावी असे सरकारी सूचनापत्रके सांगतात, हे आम्ही नाकारीत नाही. पण जो मास्तर आज 'मनात येईल ते बोल' म्हणतो, तोच उद्या ते बोललेले टिपून पाठवू शकतो हे ज्या मुलास ठाऊक आहे, तो बोलेल कशाला? कुंपणच शेत राखते की खाते, हा संशय एकदा शिरला की शेताचे काय होते हे शेतकऱ्यास विचारावे.

मार्च 2024 अखेरच्या वर्षात या योजनेकडे सुमारे 6,900 नावे कळविण्यात आली. त्यांत 11 ते 15 वर्षे वयाच्या मुलांचाच गट सर्वांत मोठा होता, आणि पुढे ज्यांना विशेष मदतीसाठी हाती घेण्यात आले त्यांचे प्रमाण शेकडा 10 हूनही कमी भरले. उलट पक्षी, जुलै 2024 मध्ये साउथपोर्ट येथे नृत्यवर्गात शिरून तीन लहान मुलींचा जीव घेणाऱ्या तरुणाचे नाव 2019 ते 2021 या काळात याच योजनेकडे तीनदा गेले होते. त्याच्यापाशी एखादी निश्चित विचारसरणी आढळत नाही, याला नको इतके महत्त्व दिले गेले, आणि प्रत्येक वेळी प्रकरण बंद झाले. म्हणजे जाळे इतके बारीक की अकरा वर्षांची पोरे त्यात अडकावीत, आणि इतके विरळ की खुनी त्यातून निसटावा! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात तो हाच प्रकार.

या शिक्षणाचे पुरस्कर्ते त्यास मोठ्या अभिमानाने लसीची उपमा देतात. ती उपमा आम्ही आनंदाने स्वीकारतो; मात्र मग तिचा अर्थही स्वीकारावा. विल्यम मॅग्वायर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1960 नंतरच्या दशकात या उपमेची प्रयोगाने परीक्षा केली. 'जेवणानंतर दात घासावेत' यांसारखी, कोणी कधी शंका न घेतलेली मते त्याने निवडली. काहींस त्या मताच्या बाजूची प्रमाणे दिली. काहींस त्याविरुद्धचे सौम्य आक्षेप ऐकवून त्यांचे खंडन दाखविले. पुढे जेव्हा खरा हल्ला झाला, तेव्हा पहिल्या वर्गाची मते सहज ढासळली. दुसऱ्याची पुष्कळ अंशी टिकली. लस म्हणजे रोगाचाच दुबळा अंश. तो अंगात जाऊ न देता नुसते आरोग्याचे गुणगान केले, तर ती लस नव्हे, तो मंत्र-गंडा होय. आपल्या शास्त्रकारांस ही गोष्ट पूर्वीच कळली होती. पूर्वपक्ष नीट मांडल्यावाचून सिद्धान्त मांडू नये, हा त्यांचा दंडकच होता. आजचे मनोबलाचे वर्ग मात्र पूर्वपक्षाचा उच्चार हाच गुन्ह्याचा पुरावा समजतात!

कोणी विचारील, मग करावयाचे काय? हात बांधून बसावे? मुळीच नाही. डेन्मार्कमधील ऑर्हूस शहरातून 2013 अखेरपर्यंत सुमारे 30 तरुण सीरियातील युद्धात गेले. त्यांतील बहुतेकांचा ज्या मशिदीशी संबंध होता, तिच्या चालकांशी तेथील पोलिसांनी व नगरपालिकेने बोलणी सुरू केली, आईबापांस एकत्र आणले, आणि भरकटलेल्या तरुणांस शिक्षण, नोकरी व घर मिळवून देण्यास मदत करणारा एकेक वडीलधारा सोबती दिला. 2014 साली त्या शहरातून गेला तो एकच. साऱ्याचे श्रेय या उपायास देण्याइतके आम्ही भोळे नाही. परंतु तेथे तरुणाशी कोणीतरी बोलत होते, नुसते त्याच्याविषयी लिहीत नव्हते, हा भेद डोळ्यांआड करता येत नाही.

हा प्रश्न दूरदेशीचा समजून वाचकांनी निश्चिंत राहू नये. 2014 साली कल्याणचे चार शिकलेले तरुण घरादारास न सांगता इराकला 'इस्लामिक स्टेट'च्या गोटात गेले. त्यापूर्वीच, 20 ऑगस्ट 2013 रोजी, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्यावर पुण्यात भर सकाळी पुलावर गोळ्या झाडण्यात आल्या, आणि मे 2024 मध्ये पुण्याच्या न्यायालयाने त्याबद्दल दोघांस जन्मठेप सुनावली. डॉक्टरांचा अपराध एवढाच की, ते वाद घालीत. वेड कोणत्याही एका धर्माची मिरासदारी नाही, आणि ते केवळ अडाण्यांस लागते हा समजही खोटा आहे.

तेव्हा सरकारास व शाळांस दोष देऊन झाल्यावर आपण आपल्या घराकडे वळावे. आपल्या मध्यमवर्गीय घरांत मुलांच्या गुणांची चौकशी रोज होते. मतांची कितीदा होते? मुलाने जेवताना एखादे विखारी वाक्य उच्चारले, तर बाप डोळे वटारतो, आई 'असे बोलू नये रे' म्हणते, आणि विषय संपतो. संपतो तो घरापुरता. ते वाक्य घेऊन मुलगा आपल्या खोलीत जातो, आणि तेथे हातातल्या फोनवर त्यास शांतपणे, रात्र रात्र, 'तुझेच खरे' म्हणणारा कोणी भेटतो. त्या अनोळखी माणसापाशी जी चिकाटी आहे ती आपल्यापाशी नसावी, ही खरी लाजेची गोष्ट!

वाईट विचार बोलून दाखविणे आणि वाईट कृत्याची तयारी करणे यांत अंतर आहे. दुसऱ्यासाठी पोलीस आहेत व असावेत. पहिल्यासाठी मात्र गुरुजी हवेत, आईबाप हवेत, आणि शेवटपर्यंत ऐकून घेऊन मग सडेतोड उत्तर देण्याचा धीर हवा. मुलांच्या मनोबलाची चिंता वाहणाऱ्यांनी प्रथम हा धीर आपल्या अंगी आहे काय, ते पाहावे.