एमसीबी पडतो तेव्हा

मे महिना आला की दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या जुन्या घरांत एक तक्रार हमखास ऐकू येते: "एमसीबी सारखा पडतोय." त्यावर उत्तरही ठरलेले, "१६ चा काढून ३२ चा टाका!" गेल्या उन्हाळ्यात वायरमनने मलाही हाच सल्ला दिला. दहा मिनिटांचे काम. मी जवळजवळ हो म्हणालो होतो.

आयुष्य बँकेत गेले, म्हणून तिथलाच दाखला देतो. कॅश क्रेडिट खातेदार वारंवार मर्यादा ओलांडू लागला, तर आम्ही आधी त्याचा धंदा तपासायचो. न तपासता मर्यादा दुप्पट करणारा अधिकारी पुढे चौकशीत सापडायचा. फ्यूज किंवा एमसीबी म्हणजे अशीच मर्यादा. ती मुख्यतः भिंतीतल्या वायरसाठी असते. दीड टनाचा एसी साधारण ७ अँपिअर घेतो. दिवे-पंख्यांसाठी ओढलेल्या दीड चौरस मिलिमीटरच्या जुन्या लाइनवर दोन एसी आणि इस्त्री चालवली, की भार १८ च्या पुढे जातो. प्रवाह दुप्पट झाला तर वायरमधली उष्णता चौपट होते. ३२ चा एमसीबी हे सगळे मुकाट्याने चालू देतो. प्लास्टरच्या आत इन्सुलेशन वितळत राहते. आता त्यात इलेक्ट्रिक स्कूटरच्या चार्जिंगची भर पडली आहे.

पूर्वी फ्यूजमध्ये तांब्याची जाड तार घालत, गाडीत सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी गुंडाळत. साधन बदलले, खोड तीच. गाडीत जास्त वॉटचे दिवे परस्पर जोडून मोठा फ्यूज बसवणे हाही तोच प्रकार.

"एवढ्याने काय होते?" असे म्हणणाऱ्यांनी दिल्लीचे उपहार चित्रपटगृह आठवावे. १३ जून १९९७ रोजी सकाळी तिथल्या ट्रान्सफॉर्मरची दुरुस्ती झाली. केबलचा जोड क्रिंपिंग मशीनने दाबायचा, तो हातोडीने ठोकून बसवला, असे तपासात निघाले. संध्याकाळी जोड सुटला, आग लागली आणि धुराने कोंडून ५९ जीव गेले. बाहेर पडण्याच्या वाटा अडवल्या होत्या, हा गुन्हा वेगळाच. पण सुरुवात त्या एका जोडातून झाली.

दोष एकट्या वायरमनचा नाही. घाई आपल्याला असते, घासाघीसही आपणच करतो. बल्ब, स्विच, फ्यूज बदलणे सोडले तर वायरिंगचे काम परवानाधारकानेच करावे असा नियम आहे. पण परवाना आपल्यापैकी किती जण विचारतात?

मी शेवटी मेन बोर्डापासून एसीसाठी ४ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र लाइन घेतली आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. खर्च झाला, दोन दिवस धूळ खाल्ली. पण रात्री एसी लावून नातवंडे झोपतात, तेव्हा मलाही झोप लागते.

गणेशोत्सव जवळ येतो आहे. मंडपाच्या रोषणाईचा हिशेब करताना मंडळाने भाराचाही हिशेब मांडावा, एवढी विनंती.